अर्धं दाबून धर

अक्का फोटो काढताना कुणालाही ‘हसा’ म्हणायच्या नाहीत. माणसाला उंबऱ्याजवळ, दारातून येणाऱ्या उजेडात बसवायचं, साबणाच्या वडीएवढा तो चंदेरी कॅमेरा त्याच्यासमोर धरायचा आणि विचारायचं, “रातच्याला काय जेवलास?” माणूस गोंधळायचा. केस बसवून, श्वास रोखून तो फोटोसाठी तयार झालेला असायचा, आणि मधेच त्याला काल रात्रीचं ताट आठवावं लागायचं. “आमटी हुती... न्हाय न्हाय, पिठलं—” एवढं होतंय तोवर अक्कांनी बटण दाबलेलं असायचं. त्यामुळे त्यांच्या फोटोंतली झाडून सगळी माणसं बोलताना आहेत. कुणाचं तोंड अर्धं उघडं, कुणाची भुवई वर चढलेली, कुणी बोटांवर भाज्या मोजतंय.

जुळे सोलापूरहून स्कूटीवर भाकऱ्या न्यायला येणाऱ्या एक बाई होत्या. बँकेत साहेब होत्या म्हणे. त्यांना अक्कांनी त्यांचा फोटो छापून दिला तर त्या कसनुशा झाल्या. “अहो अक्का, तोंड बघा ना कसं उघडं आलंय. चांगला काढा की एक, तोंड मिटलेला.”

अक्का म्हणाल्या, “मिटलेल्या तोंडाचा घरची लावतीलच की मागनं. ह्यो आत्ताचा घ्या.”

बाई आधी दचकल्या आणि मग इतक्या हसल्या, की अक्कांनी तोही फोटो काढला.

ही शुक्रवार पेठेतली गोष्ट. अक्कांचं नाव गंगव्वा, पण त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. गल्ली त्यांना अक्का म्हणायची. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे राग आला, हसू आलं किंवा मोजदाद करायची झाली की तोंडातून कानडी यायची, बाकीचं सगळं आपलं सोलापुरी. घरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायच्या. मी त्यांच्याकडं भाकऱ्या बडवायला होते, आणि त्यांच्याच मागच्या खोलीत राहायचे.

मी मूळची मोहोळ तालुक्यातली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला दुसऱ्या गावी चालत जायला लागायचं. काही महिने गेले आणि मग सोडली. लग्न झालं ते सांगोल्याकडं. तिकडची माणसं गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायला, देशभर जातात. आमचे हे लग्नानंतर थोड्याच दिवसांत चुलत्याबरोबर तमिळनाडूत आले. तिथं दुकानातच झोपायचं, बायकोला न्यायचं कुठं? खोली मिळेपर्यंत मला सोलापुरात ठेवायचं ठरलं. आमच्या गावची एक बाई आधी अक्कांकडं काम करून गेली होती, तिनं पोचवलं. आज मी ज्या खोलीत बसून हे लिहिते आहे ती त्याच तमिळनाडूतल्या गावात, सराफांच्या गल्लीच्या मागं आहे. खिडकीतून भट्टीचा वास येतो. इथं माझ्याशी मराठीत बोलणारं घरातलं सोडलं तर कुणी नाही, आणि अक्का कोण होत्या हे इथं कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी तेव्हा फार भित्री होते. आताही आहे, पण तेव्हा तर गॅसची कळ फिरवायलाही भ्यायचे. अक्कांच्या लेकीनं, गिरिजानं, बेंगळुरूहून येताना तो कॅमेरा आणून दिला. तिनं नवा फोन घेतला होता, कॅमेरा तिच्या कपाटात नुसता पडून होता. अक्कांनी तो माझ्या हातात दिला तर मी दोन्ही हात मागं घेतले. म्हटलं, “तुटंल की ओ, अक्का.”

“तुटू दे,” अक्का म्हणाल्या. “त्यो गिरिजाला नको झाला म्हून हितं आला. तू नवऱ्याला सध्या नको हायेस म्हून हितं आलीस. आता तुमी दोगं नीट ऱ्हावा माज्या घरात.”

मला रडूच यायला लागलं होतं, पण त्यांनी बटण दाबलं, कॅमेऱ्याची नळी गुर्र करून बाहेर आली, आणि अक्का ओरडल्या, “नोडु! गोगलगाय निगाली बग!” त्यांचं ‘नोडु’ म्हणजे ‘बघ’. मग मला रडता आलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. अक्कांच्या पुढच्या खोलीत, भाकरीच्या टोपल्यांच्या वर, भिंतीवर एक मोठी तसबीर होती. शाल पांघरलेले, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले, गळ्यात हार घातलेले एक गृहस्थ ताठ बसलेत आणि डोळे मिटलेत. नवीन आलेलं गिऱ्हाईक हात जोडायचं. एकानं तर विचारलं होतं, “अक्का, मालक ध्यानाला बसलेत काय?”

“व्हय,” अक्का म्हणाल्या. “उठायचंच न्हाय म्हनत्यात.”

त्यांच्यात मयताला आडवं नेत नाहीत. बसवतात. आंघोळ घालून, भस्म लावून, पाठीला आधार देऊन बसवायचं आणि तसंच बसलेलं मातीत ठेवायचं. मालक एकाएकी गेले. बसवल्यावर कुणीतरी फोटोवाल्याला बोलावलं. आणि तो एकच फोटो घरात राहिला. लग्नात फोटोवाला होता, पण त्याचं रीळ उजेडात उघडलं गेलं आणि सगळं लग्नच पांढरं झालं. त्यानंतर कुणाला सुचलं नाही. मतदानाच्या कार्डावर एक फोटो होता, पण त्यात मालक आणि गल्लीतला कुठलाही माणूस सारखाच दिसला असता.

“लई बोलायचे गं,” अक्का मला एकदा पीठ मळता मळता म्हणाल्या. “गिरनीवर बसायचे तर गिरनीच्या आवाजावर आवाज काडून बोलायचे. आन् आता बग. आलंगेलं म्हनतंय, किती शांत माणूस. शांत! अय्यो शिवने! ह्यो मानूस कंदीच शांत नव्हता. मी ह्यो फोटू बगून बगून त्यांचं खरं त्वांड इसरले. डोळं झाकलं की बी हेच दिसतंय.”

  मग त्यांनी पिठाचा हात माझ्या हातावर ठेवला. “मला कुनी बसवायच्या आदी तू माझा फोटू काड. बोलतानाचा. गिरिजाम्होरं मी नीट बसते, लेक हाय ना, तिला वाईट दिसाया नको. तुझ्याम्होरं मी जशी हाय तशी असते. पर आदी शीक. ही गोगलगाय कशी चालवायची ते दोगीबी शिकू.”

तेव्हापासून ते माझ्या डोक्यावरच होतं. अक्कांचा एक फोटो. त्यात त्या जिवंत दिसल्या पाहिजेत.

आम्ही शिकलो कशा, तर चुकत चुकत. कॅमेऱ्याबरोबरचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी आठवीतली, अक्का चौथीतल्या. पुस्तक टोपलीखाली ठेवलं आणि दोघी कामाला लागलो. सुरुवातीचे सगळे फोटो धुक्यातले आले. गल्ली धुक्यात, बाजूच्या विणकरांच्या घरातली पोरं धुक्यात, मे महिन्यात सोलापूर धुक्यात. अक्का म्हणाल्या, “म्हातारं झालंय त्ये. मोतीबिंदू झाला असंल.” मी त्या बारक्या काचेवर फुंकर मारली तर ज्वारीचं पीठ उडालं. बडवायला बसायच्या जागीच आम्ही कॅमेरा ठेवत होतो ना! अक्कांनी घाईनं पदरानं काच पुसली. पदराला शेंगाचटणीचं तेल. मग धुकं गेलं आणि सगळी माणसं तुपातून काढल्यासारखी दिसायला लागली. शेवटी मालकांच्या धुतलेल्या धोतराचा मऊ तुकडा फाडला आणि तो कॅमेऱ्याच्या पिशवीत कायमचा ठेवला. “फोटू काडायच्या आदी डोळं पुसायचं,” असा तेव्हापासून नियमच झाला.

पण खरी गंमत फुलाची. कॅमेऱ्यावर छोटी छोटी चित्रं होती. एक फूल, एक डोंगर, एक पळणारा माणूस. अक्कांनी त्याचा अर्थ लावला : डोंगर म्हणजे देवाधर्माचं, पळणारा माणूस म्हणजे लहान पोरांचं, आणि फूल म्हणजे लग्नकार्याचं. मलाही ते पटलं. बाजूच्या तेलुगू विणकरांच्या घरी लेकीची हळद होती. अक्का मोठ्या ऐटीत कॅमेरा घेऊन गेल्या आणि फुलावर ठेवून सगळे विधी काढले. घरी येऊन बघतो तर पुढचं हळदीचं ताट असं लख्ख, की हळदीत बोट बुडाल्याची खूण दिसतेय, आणि मागं नवरीचं तोंड म्हणजे पिवळा ढग!

गिरिजाला फोन लावला. ती तिकडून हसत सुटली. “अम्मा, ते फूल जवळचं काढायला असतं. एकदम जवळचं.”

“मग?” अक्का म्हणाल्या. “लगीन काय लांबच्याचं असतंय व्हय?”

दुसऱ्या दिवशी त्या तशाच उठून बाजूच्या घरी गेल्या आणि नवरीला तिच्याच दारात बसवून परत फोटो काढला. हळद अजून कानामागं होती. फुलाचा उपयोग आम्हाला नंतर कळला : तव्यावरची भाकरी काढायला. इतक्या जवळून भाकरी बघितली तेव्हा मीच बनवलेली ती मला ओळखू आली नाही. फोड आलेली, करपलेली, वाळलेल्या तळ्यासारखी.

एकेक कळत गेलं तसं अक्कांचे शब्द तयार होत गेले. लांबचं जवळ ओढायचं बटण त्यांना आवडायचं नाही. “बटनानं जवळ जाऊ नको, पायानं जा. बटनानं वडलं की मानूस रवाळ येतंय.” आपोआप पेटणारा दिवा त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावला, कारण त्यात माणसं वीज पडल्यासारखी दिसायची. “दार हाय की. देवानं दिलेलं दार सोडून ह्यो दिवा कशाला?” माझे हात थरथरायचे. माझ्या फोटोत घर, माणूस, टोपली सगळं हललेलं. त्या मला उभी करून दंड धरायच्या आणि माझी कोपरं माझ्या बरगडीला लावायच्या. “आन् चौकटीला टेक. भिऊ नको, दार कुटं पळून जात न्हाय.”

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते बटण. या कॅमेऱ्यात बटण दाबलं की फोटो लगेच निघत नाही. तो जरा विचार करतो, मग काढतो. तेवढ्यात माणूस बोलून मोकळा झालेला असतो. अक्कांनाच आधी कळलं, की बटण अर्धं दाबून ठेवलं की तो विचार आधीच उरकून घेतो, चौकोन हिरवा होतो आणि नुसता वाट बघत बसतो. मग प्रश्न विचारायचा. मग उरलेलं दाबायचं. मी घाईनं पूर्ण दाबायचे. मला भीती वाटायची, समोरचं निघून जाईल.

“अर्धं दाबून धर,” अक्का कानाशी म्हणायच्या. “दम धर. मानूस त्याच्या त्वांडावर येऊ दे. आला की मग घे.”

माझ्या आईचा फोटो काढायला आम्ही दोघी एसटीनं गेलो. आईला आधी सांगून ठेवलं होतं, हीच चूक. तिनं शेजाऱ्यांची लोखंडी खुर्ची आणून गुलाबी भिंतीला लावली होती, ठेवणीतली साडी नेसली होती आणि हात मांडीवर ठेवून बसली होती, जणू तहसीलदार येणार आहे. पहिलं वाक्य म्हणाली, “माजा कशाला फोटू? मी काय मंत्री हाय व्हय?” आणि एवढं बोलून परत ओठ मिटले.

अक्कांनी कॅमेरा धरला. “रातच्याला काय जेवलीस, अव्वा?”

आईचा चेहरा लाल झाला. “का? आमी उपाशी दिसतो व्हय तुमाला? ज्वारीची पोती हायेत घरात, बगा आत जाऊन!”

सोलापुरात सगळ्यांवर चालणारा प्रश्न आमच्या घरी फसला. अक्का खो खो हसल्या, खाली ओसरीवरच बसल्या आणि कॅमेरा माझ्याकडं दिला. “ही कानडी म्हातारी लई आगाऊ हाय, ऱ्हाऊ दे,” असं आईला म्हणाल्या, आणि शेळ्यांचं बोलायला लागल्या. कुठली व्याली, किती दूध देती. आईही खुर्चीवरून उतरून खाली बसली. मी चौकटीला टेकले. कोपरं बरगडीला लावली. दोघी मला विसरल्या होत्या.

बोलता बोलता अक्का म्हणाल्या, “लेक गुनाची हाय तुझी. पर भ्येती लई.”

आई म्हणाली, “तिचं डोस्कं लई चांगलं हुतं. मास्तर घरी आलतं, पोरीची साळा बंद करू नका म्हनून. मी काय करू ओ? धाकटी दोगं कडंवर. मीच कमी पडले तितं. आजून बी आडवी पडले की मनात येतं...”

हे आईनं मला कधी सांगितलं नव्हतं. मास्तर घरी आले होते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. चौकोन हिरवा झाला होता, माझं बोट अर्ध्यावर होतं, आणि मी दम धरून होते. आईनं हात वर उडवला, ‘जाऊ दे’ म्हणतात तसा. तेव्हा मी दाबलं.

परतीच्या एसटीत अक्कांनी तो फोटो बघितला. बराच वेळ बघितला. नेहमीचं ‘नोडु’ आलं नाही. एवढंच म्हणाल्या, “आता तुला येतंय.”

थोड्याच दिवसांत यांचा फोन आला. खोली मिळाली होती, तिकीट काढलं होतं. मी आनंदानं रडले का भीतीनं, मलाच कळेना. निघायच्या दिवशी सकाळी मी अक्कांना म्हटलं, “आज तुमचा.”

“काड की,” त्या म्हणाल्या. पण बघते तर त्या आत गेल्या, धुतलेलं इरकल नेसल्या, कपाळावर ठसठशीत भस्म लावलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि दारातल्या उजेडात येऊन बसल्या. मी कॅमेरा धरला आणि अक्का ताठ झाल्या. आयुष्यभर गल्लीला बोलतं करणारी बाई, पण काच आपल्याकडं वळली तशी माझ्या आईसारखीच झाली.

“अक्का, रातच्याला काय जेवलात?”

“तू केल्याली डाळ. माजाच डाव माज्यावर व्हय गं?” आणि तोंड मिटलं.

मी सगळं करून बघितलं. भाकरी बडवायला लावली, तर कुणी परीक्षा घेतंय तशा बडवायला लागल्या. गिरिजाचं बोलणं काढलं, गिऱ्हाइकांचं काढलं. मालकांचं काढलं तेव्हा तर त्या आणखीच ताठ झाल्या. स्टँडवर जायची वेळ होत आली. मी फोटो काढत होते आणि प्रत्येक फोटोत तीच बाई : पाठ सरळ, ओठ मिटलेले, नजर स्थिर. आई शप्पथ सांगते, भिंतीवरची तसबीर आणि हे फोटो यांत फरक एवढाच, की यातले डोळे उघडे होते.

 अक्कांनी कॅमेरा घेतला आणि एकेक फोटो पुढं सरकवत बघितले. “ही कोन म्हातारी बसलीया?” असं म्हणाल्या. मग एका फोटोपाशी थांबल्या. उठल्या आणि कॅमेरा तसबिरीशेजारी भिंतीला लावून धरला.

“नोडु,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांची मान डावीकडं. माजी उजवीकडं.”

मी जवळ जाऊन बघितलं.

“लगनाचा फोटू झाला बग आमचा.”

“पर अक्का, ह्यात तुमी...”

“बसल्यावानी दिसते. व्हय. त्ये बसल्यात म्हून मी बसले. एकट्यानं किती दिस बसायचं त्यांनी?” आणि मग माझा रडवा चेहरा बघून, “तुला बोलतानाचा पायजे ना? त्यो तुझा फोटू. ह्यो त्यांचा झाला. तुझा काडाया परत ये.”

मी परत गेले नाही. म्हणजे जमलं नाही. पहिल्या दिवाळीला दुकानात काम होतं, दुसऱ्या वेळी माझे दिवस भरत आले होते. फोन व्हायचा. अक्का विचारायच्या, “कवा येतीस? गोगलगाय वाट बगती.” मी म्हणायचे, येते की. नंतर त्यांचे गुडघे गेले, मग भाकऱ्या बंद झाल्या, मग फोनवरचा आवाज बारीक झाला. इथं सकाळी मी भाकरी बडवते तेव्हा वरची मालकीणबाई आवाजानं खाली डोकावते आणि तमिळमध्ये काहीतरी विचारते. मी हसून तिला एक भाकरी देते. ती कडक भाकरीला काय म्हणत असेल कोण जाणे. पण मला तेव्हा फार वाटतं, आत्ता कुणीतरी ‘नोडु’ म्हणावं.

मग एक दिवस गिरिजाचा फोन सकाळीच आला. ती म्हणाली, “सुनीता, अम्मा गेली.” संध्याकाळपर्यंत मातीत ठेवणार होते. इथून सोलापूर एका दिवसात होत नाही.  फोनमधे मागं लोकांचे आवाज येत होते, कुणीतरी कानडीत भस्म मागत होतं. ती म्हणाली, “फोटोवाला आलाय. बसवल्यावर काढू का विचारतोय. अम्माचा एकही फोटो नाही गं घरात. सगळे तिनंच काढलेले. त्याला काय सांगू?”

मला आयुष्यात कुणी असं मोठ्या गोष्टीत विचारलेलं नाही. मी एरवी भाजीवाल्यालाही दोनदा विचारून मग सांगते. पण तेव्हा माझ्या तोंडून इतक्या मोठ्यानं निघालं, की बाळ दचकून उठलं. “नको! त्याला परत पाठवा. त्यांचा फोटो झालाय. त्यांनीच पसंत केलाय.” आणि मी तिला सांगितलं, कॅमेऱ्यात मी निघाले त्या सकाळचे फोटो आहेत, त्यातला मान उजवीकडं असलेला घ्या, आणि मालकांच्या शेजारी लावा. उजव्या बाजूला नको, डाव्या.

 मग तिनं तिकडं कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं, “तुम्ही जा. नाही काढायचा.”

महिनाभरानं तिनं फोनवर भिंतीचा फोटो पाठवला. दोन तसबिरी शेजारी शेजारी होत्या. मालक दिसत होते. अक्कांच्या जागी मात्र काचेवर ट्यूबलाइटचा पांढरा लोळ पडला होता, तोंडच नव्हतं. मी फोन केला. म्हटलं, “गिरिजाताई, ट्यूब घालवा. पुढचं दार उघडा. आणि समोर उभ्या राहू नका, जरा डावीकडं सरका.”

“बरं बाई,” ती म्हणाली. दार उघडल्याचा आवाज मला इकडं ऐकू आला. त्या दाराची कडी वर उचलून मग ओढावी लागते. थोड्या वेळानं दुसरा फोटो आला.

लोळ गेला होता. मालक आणि अक्का, मान एकमेकांकडं जराशी कललेली, खरंच लग्नातल्यासारखे बसले होते. पण दार उघडल्यामुळे काचेत बाहेरची गल्ली उतरली होती. अक्कांच्या खांद्यावर समोरच्या घराची पायरी, पदरापाशी रिक्षाचं पुढचं चाक, आणि कुणीतरी बाई हातात पिशवी घेऊन आत डोकावत होती, भाकऱ्या आहेत का बघत असावी.

गिरिजाचा लगेच फोन आला. “परत काढू का गं? काचेत गल्ली आलीय सगळी.”

मी म्हटलं, “नको. गल्ली असू द्या.”